मास्तरांचा टायमिंग बेल्ट

मास्तर शिंपी होते, पण हे ‘होते’ त्यांच्या स्वतःच्या तोंडून अजून निघत नव्हतं. तयार कपड्यांनी बाजार भरत गेला तसतसं दुकान आकसत गेलं. आधी कारागीर गेला, मग इस्त्रीचं टेबल घरी आलं, शेवटी पाटी. शिलाई मशीन आता पलंगाच्या पायथ्याशी होतं आणि त्याच्यावर औषधांच्या बाटल्या. राहता राहिली जुनी गाडी, बऱ्या दिवसांत हौसेनं घेतलेली. तेवढ्यात जवळच्या शाळेच्या बाईंनी विचारलं, चार लहान मुलांना सकाळी आणाल का, दुपारी सोडाल का? सोमवारपासून. मास्तर आठवडाभर ताठ मानेनं चालत होते.

गाडी एकदा दाखवून घ्यावी म्हणून ते गॅरेजात गेले आणि तिथंच माशी शिंकली.

“टायमिंग बेल्टला भेगा पडल्यात, मास्तर,” इंजिनाच्या बाजूच्या फटीत टॉर्च मारत गॅरेजवाला म्हणाला. “हा तुटला की इंजिन गेलंच समजा. आज तुटेल, नाहीतर सहा महिन्यांनी.”

“मग बदल की.”

“पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नाही. गाडी उभी करायला जागासुद्धा नाही, बघा.”

दुसरा कुणी असता तर तसाच रेटून चालवत राहिला असता. मास्तरांच्या डोळ्यांपुढं मागच्या सीटवर बसलेली चार पोरं येत राहिली. शेवटी त्यांनी नवा पट्टा आणला आणि रविवारी सकाळी घराखालीच पाने-पक्कड मांडले. मेव्हणा ट्रकवर आयुष्य काढलेला. त्यानं फोनवर पढवून ठेवलं.

“भावजी, पट्टा काढण्याआधी तो ज्यांवर फिरतो त्या वरच्या आणि खालच्या चाकावर खुणा करा. दोन्हींचा मेळ चुकता कामा नये. आणि नवा बसवला की लगेच किल्ली मारू नका. पान्यानं हळूहळू फिरवून बघा. अडलं की थांबा.”

“खुणा करायला तू मला शिकवणार?” मास्तर हसले. खिशातून निळा खडू काढून त्यांनी दोन्ही चाकांवर आणि इंजिनाच्या अंगावर अशा बारीक रेघा ओढल्या की कोटाच्या बाहीला शोभाव्यात.

बायको चहा घेऊन खाली आली. “जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या, आता गाडीची घ्या!”

“गिऱ्हाईक निदान पोट आत ओढायचं गं. हिला तेवढीही लाज नाही.”

जुना पट्टा निघाला. निघताना वरचं चाक आतल्या स्प्रिंगच्या जोरानं जरासं सरकलं, पण मास्तर घाबरले नाहीत. रेघ होतीच, रेघेवर आणलं की झालं. ते हात धुऊन जेवायला वर गेले.

ते जेवत होते तेव्हा बायको खाली काढून ठेवलेली झाकणं पुसत बसली. दुकानात तिचं काम ठरलेलं असे. मास्तर शिवायचे, ती कपडा झटकायची, खडूची रेघ न् रेघ ब्रशनं काढायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. खडूचा डाग राहिलेला कपडा त्यांच्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता.

मास्तर परत आले तेव्हा चाकं लखलखत होती.

“किती ओशट झालं होतं!” ती कौतुकानं म्हणाली. “खडूही घासून काढला सगळा.”

मास्तर बघतच राहिले. चाकांवरच्या कारखान्यातल्या मूळच्या खुणा गंजानं कधीच खाल्ल्या होत्या. थांबावं, गॅरेजवाल्याच्या हातापाया पडावं, हे मनात आलंही. पण उद्या सोमवार होता. आणि नुसत्या नजरेनं गिऱ्हाइकाचं माप सांगणारा माणूस तो. एक डोळा मिटून त्यांनी वरचं चाक फिरवलं, थोडं मागं घेतलं, पुन्हा पुढं केलं. “हं. इथंच होतं,” म्हणत पट्टा चढवला.

पान्यानं फिरवायला घेतलं. अर्ध्यात अडलं.

“अडतंय का हो?”

“नवं आहे ना. नवं कापडसुद्धा पहिल्यांदा ताठ लागतं,” असं म्हणून त्यांनी पान्यावर अंग टाकलं. आत कुठंतरी काहीतरी कटकन हललं आणि मग पाना फिरला.

किल्ली मारली. एरवी कण्हत, अडखळत सुरू होणारं इंजिन नुसतं भुर्र फिरत राहिलं, धाग्याविना मशीन चालावं तसं. मास्तरांनी पुन्हा किल्ली मारली, पुन्हा मारली. तसंच.

मेव्हण्यानं फोनवरून आवाज ऐकला. मग म्हणाला, “चाकांचा मेळ चुकला, आतले व्हॉल्व वाकले, भावजी. इंजिन खोलावं लागणार. अडलं तेव्हा थांबला नाहीत?”

बायकोनं शेजारून ऐकलं होतं. “त्या रेघांमुळं का?” तिनं विचारलं. मास्तरांनी “नाही” म्हणायला हवं होतं. म्हणायचंही होतं. पण तोंडून निघालं, “एवढं सगळं आयुष्य पुसलंस. आज नसतं पुसलं तर?”

ती हातातल्या फडक्याची घडी करत राहिली. आपण काय बोललो ते मास्तरांना लगेच कळलं, पण “पाना मीच रेटला” हे वाक्य काही केल्या ओठांवर येईना.

शाळेच्या बाई फोनवर रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “असू दे, मास्तर. मुलं तर यायलाच हवीत. दुसरी गाडी बघते,” म्हणाल्या. गाडी दुरुस्त झाली की या, असं काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी वरून शेजाऱ्यानं हाक मारली, “काका, गाडी जरा कडेला घेता का? माझी निघत नाहीये.”

मास्तर खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरून उभे राहिले. मागं बायको उभी होती.

“ढकलू?” तिनं विचारलं.

“ढकल.”

गाडी भिंतीपर्यंत मुकाट गेली. मास्तरांनी हँडब्रेक ओढला आणि काचा वर केल्या.

“पाना मीच रेटला,” ते म्हणाले.

पण ती तोवर अर्धा जिना चढून गेली होती.