कुर्डुवाडीपर्यंतचे सर

अख्ख्या सोलापुरात भीती मोजणारा माणूस एकच, आणि तो दर गुरुवारी पाच वाजता आमच्या घरी यायचा. माझ्या लेकीचे समुपदेशक सर. लेक अकरा वर्षांची, स्वमग्न. कुकरची शिट्टी झाली की घर फुटणार, अशी तिची खात्री. चार वर्षं आमची डाळ पातेल्यातच शिजत होती. शाळेच्या वाटेवर घरं, घराघरांत कुकर, म्हणून शाळाही सुटली होती.

सरांना मोजायचा भारी नाद. रिक्षावाल्यालाही विचारायचे, पोलीस दिसला की भीती दहापैकी किती? 'घाबरू नकोस' म्हणायची त्यांच्यापुढे सोय नव्हती. मी एकदा म्हणालो, तर लेकीदेखत माझीच शिकवणी झाली. "ती खरंच घाबरलीय की. किती घाबरलीय, तेवढं विचारा." स्वमग्नता घालवायला ते आले नव्हते, फक्त भीती कमी करायची होती. या उपचाराला सीबीटी म्हणतात. मनातला विचार आधी लिहायचा, मग तसं घडतं का ते बघायचं, आणि भीतीच्या पायऱ्या एकेक करून चढायच्या. लेकीला रेल्वेचं वेड, म्हणून सरांनी पायऱ्यांची स्टेशनं केली. सोलापूरला कुकरचं नुसतं चित्र, पुढे रिकामा कुकर, मग मोबाइलमधली बारीक शिट्टी, आणि कुर्डुवाडीला स्वयंपाकघरातली खरी. पण त्यांनी बाळे स्टेशनाच्या आधी पाकणी लिहिली आणि गाडी अडली. असा मार्गच नाही, लेक म्हणाली. सर पॅसेंजरने स्वतः कुर्डुवाडीला जाऊन आले आणि पुढच्या गुरुवारी बिनचूक तक्ता घेऊन हजर. एवढं कशाला, म्हटलं तर म्हणाले, घरी तरी कोण वाट बघतंय. बायको गेल्यापासून ते मेसचा डबा खातात, हे मला तेव्हा कळलं.

पाच महिन्यांनी कुर्डुवाडी आली. माझ्या बायकोने कुकर लावला. लेकीने वहीत लिहिलं, 'घर फुटेल.' शिट्टी झाली. तिने कान दाबले, पण खुर्ची सोडली नाही. मग भिंतींना हात लावून आली आणि खाली लिहिलं, 'घर आहे.' आम्ही नवराबायको रडायलाच लागलो. लेक मात्र सरांकडे वळून शांतपणे म्हणाली, "शेवटचं स्टेशन आलं, सर. उतरा."

"उतरतो की," म्हणून सर हसले आणि चपला घालून गेले. त्या कुकरमधला वरणभात आम्ही तिघांनी पोटभर खाल्ला. त्यांना जेवून जा म्हणायचं मला हात धुताना सुचलं, आणि फार वाईट वाटलं.

आता लेक शाळेत जाते. गुरुवारी पाचला मी फोन हातात घेतो आणि खाली ठेवतो. मुलगी छान आहे सर, आम्हालाच तुमच्यावाचून करमत नाही, एवढं म्हणायला जीभ रेटत नाही.