सिगारची कापलेली टोकं

आबांनी तंबाखू सोडली त्याला आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मी त्यांच्यावर एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता.

गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "आत्ता सोडली तर ठीक. नाही सोडली तर पुढच्या वेळी कापाकापीचं बोलू." आबांनी घरी येऊन चंची चुलीत टाकली. मी मात्र कपडे धुवायच्या निमित्तानं त्यांचे खिसे उलटे करायची. एकदा शर्टाच्या खिशात मुंग्या निघाल्या, तर त्यावरही मी दोन दिवस शंका घेतली. बोलताना गाल जरा फुगीर दिसला की माझं ठरलेलं वाक्य, "आबा, आ करा."

मी उगाच अशी झाले नाही. वाळूजला पाळी सुटायच्या वेळी मी कंपन्यांच्या गेटबाहेर तंबाखूविरोधी पत्रकं वाटते. पत्रकातला मजकूर माझा आहे, आणि तो गोड नाही. गालात गोळी धरून "मी नाय खात ताई" म्हणणारे मी शेकड्यानं पाहिलेत. त्यांनाही माझं तेच: आ करा. तिथली पोरं मला मागून 'आ करा ताई' म्हणतात, हेही मला माहीत आहे.

आबा, माझे वडील, पडेगावच्या पुढं एका मालकाच्या फार्महाऊसची राखण करतात. तरुणपणी मेंढरं राखली, आता लॉन राखतात. एक दिवस त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "मालकानं काय धाडलंय, वाच."

मी वाचलं. 'नवशिक्यांसाठी सिगारची ओळख. रविवारी, जेवणानंतर. मामा, पंधरा खुर्च्या झाडाखाली लावा.' वयस्क नोकराला मामा म्हणायची शहरात पद्धतच आहे.

"आबा, हे तुम्हाला ओढायला लावणार."

"मला कोन देतंय? खुर्च्या लावायच्यात मला."

"मी येते तुमच्याबरोबर."

"तू काय करनार तिथं?"

"चहा देईन."

"घरात कधी दिलास?" आबा म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत, आणि ते नको म्हणाले नाहीत याचाही मला संशय आला.

रविवारी शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. त्यांच्यापुढं लाकडी पेटी, दागिन्यांची असावी तशी, आत ओलावा धरून ठेवायची सोय. सिगार ज्या खोक्यातून आल्या त्या खोक्यावर आमच्या पत्रकासारखाच सडलेला जबडा छापलेला होता. ते खोकं सरांनी पायानं टेबलाखाली सारलेलं मी पाहिलं.

सर म्हणाले, नवशिक्यानं सौम्य सिगार घ्यावी आणि उपाशीपोटी कधी ओढू नये. बोटांत हलकेच दाबून बघावी, वांग्यासारखी. फार कडकही नको, फार मऊही नको. बंद टोक एका झटक्यात कापायचं, चावून तोडायचं नाही. दुसरं टोक ज्योतीच्या वर धरून फिरवत फिरवत शेकायचं. मिनिटाला एक झुरका, घाई नाही. राख लगेच झटकायची नाही. आणि मुख्य म्हणजे, धूर गिळायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडायचा.

"म्हणजे तसा त्रास नाही," एक पाहुणा समाधानानं म्हणाला.

"हे व्यसन नाही हो, हा आस्वाद आहे," सर म्हणाले.

चहाचा ट्रे मी दोन्ही हातांनी धरला. तोंडात घोळवायचं! आबांनी तरी चाळीस वर्षं दुसरं काय केलं होतं? त्यांनीही कधी गिळली नाही. तो चट्टा काय फुफ्फुसात निघाला होता? माझ्या पिशवीत पत्रकांचा अख्खा गठ्ठा होता. मी पिशवीला हात लावला नाही. मालकाची खुर्ची समोरच होती.

वास मात्र खोटं बोलत नव्हता. ओली माती, मध, गोठ्यातलं वाळलेलं गवत. मला तो आवडला, आणि त्याचा मला रागच आला. मी आबांकडं बघितलं. ते दूर उभे राहून डोळे मिटून वास घेत होते.

तेवढ्यात मघाचा समाधानी पाहुणा पांढराफटक पडला. त्यानं सिगारेटसारखा धूर आत ओढला होता. कपाळाला घाम, हात थरथर. मालक घाबरले, "अरे, डॉक्टरला बोलवा कुणीतरी!"

"काय नाय मालक, लागली त्यान्ला," आबा म्हणाले. तंबाखू डोक्यात चढली की आमच्याकडं ती 'लागली' म्हणतात. त्यांनी पायजम्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि गुळाचा खडा पाहुण्याच्या तोंडात घातला. "चघळा. आन् खाली बघा, वर नको."

पाच मिनिटांत माणूस भानावर आला. सर म्हणाले, "बरोबर आहे, गोड द्यायचं असतं. मामा तर जाणकार निघाले!" सगळे हसले. मालक म्हणाले, "मामा, घ्या की एक तुम्हीपण."

मी ट्रे टेबलावर ठेवून आबांकडं वळले.

"नको मालक," आबा म्हणाले.

मी सुटले, पण दहाच मिनिटं. पाहुणे गप्पांत रमल्यावर आबांनी टेबलावरची पितळी ताटली उचलली. त्यात कापलेली टोकं होती, न पेटलेली, कोरी. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, टोकं रुमालात बांधली आणि रुमाल शर्टाच्या खिशात टाकला.

स्कूटीवर मागं बसून आबा लॉनला पाणी कमी पडतंय म्हणत होते. मी घराच्या दारात गाडी लावली आणि हात पुढं केला. "खिसा रिकामा करा."

"आगं, घोंगडीला हाय ते."

"कुठल्या घोंगडीला?"

"माझ्या बापाच्या. कसर लागलीय, लोकर खातीय. घडीत तंबाखूचं पान ठेवलं तर कसर येत नाय. आधी चंचीतलंच ठेवायचो. आता घरात पान कुठंय?"

"आणि मी ह्यावर विश्वास ठेवू?"

"नको ठेवू. तुझा धंदाच हाय त्यो."

"आबा, आ करा."

आबा ओट्यावर बसले, मान वर केली आणि तोंड उघडलं. मी मोबाईलचा टॉर्च लावला. चट्टा होता तेवढाच होता. तपकिरी कण एकही नाही. गालाच्या कोपऱ्यात, जिथं ते पूर्वी गोळी धरायचे तिथंच, गुळाचा अर्धा विरघळलेला खडा होता.

"वास आला की तोंडाला पानी सुटतं," आबा तोंड मिटून म्हणाले. "मग ह्यो टाकतो. आठ म्हैने झाले."

मुंग्या. फुगलेला गाल. मी टॉर्च बंद केला.

"झाली तपासनी?" ते म्हणाले. "तिथं पंदरा तोंडं हुती. एकाला तरी म्हनलीस का, आ करा?"

पिशवीतला गठ्ठा तसाच होता, वरचा दोराही न सुटलेला.

सोमवारी मी वाळूजला निघाले, तर आबा रुमाल घेऊन पुढं आले. "एवढं घडीत ठिवून जा. माझ्या हाताला वास नको. दिवसभर सुचू देनार नाय." मी घोंगडी पसरली. कोपऱ्यात बोट जाईल एवढी भोकं होती. टोकं चुरली, चुरा प्रत्येक घडीत पसरला, घोंगडी पेटीत ठेवली. हात धुतले, पण वास गेला नाही.

गेटवर पाळी सुटली. एका पोरानं पत्रक घेतलं, नाकाला लावलं. "ताई, याला तंबाखूचा वास येतोय की."

"मी नाही खात," मी म्हणाले.

"व्हय, व्हय." तो मागच्यांकडं वळला. सगळे थांबले. "आ करा ताई."

घोंगडीचं सांगणार होते. कोण ऐकणार होतं? मी पत्रकं काखेत धरली, मान वर केली आणि आ केला.