टेंगनचा नागडा जील

टेंगन घाबरला तो मामाचं प्रेत बघून नव्हे. बायुओमामा अंगणातल्या गोरखचिंचेखाली, लाकडी माचावर, धुवट झगा घालून बसवलेला होता. शेजारी त्याचा स्वतःचा जील उलटा बांधलेला. वाजवणारा गेला की त्या दिवशी त्याच्या वाद्याला कुणी हात लावत नाही. हे सगळं रीतीप्रमाणेच होतं. टेंगनची पाचावर धारण बसली ती खांद्यावरून आपला जील उतरवून खाली ठेवल्यावर, कारण रडणाऱ्या बायकांनीसुद्धा रडणं थांबवून आधी त्याचे भोपळे पाहिले.

जीलला चौदा लाकडी पट्ट्या, त्यांच्याखाली चौदा सुके भोपळे. प्रत्येक भोपळ्याला भोक असतं आणि भोकावर पांढरा पापुद्रा चिकटवलेला असतो. कोळी मातीच्या भिंतीवर अंड्यांसाठी जी चपटी टिकली विणतो, तीच ही. पट्टीवर दांडी पडली की पापुद्रा थरथरतो आणि सुराबरोबर भुणभुण उठते. इकडे नांदोमच्या गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की मेलेल्याला सूर ऐकू येत नाहीत, भुणभुण तेवढी ऐकू येते. ती ऐकू आली नाही तर तो घर सोडून निघतच नाही.

टेंगनच्या चौदाही भोपळ्यांची भोकं उघडी होती.

"बायांनो, डोळे मिटा गं!" फाउस्टिन ओरडला. तो थट्टेच्या नात्यातल्या कुळाचा, मयताच्या घरी घरच्यांची टर उडवणं हा त्याचा हक्कच. "अक्राचे साहेब जील नागडाच घेऊन आलेत. चड्डी बसमध्ये विसरला काय रे?"

बायका हसल्या. टेंगनही हसला.

धाकटा मामा सिल्वेस्टर जवळ येऊन वाकला. "घराची सावली माचाच्या पायाला लागली की उचलायचं. त्याआधी निरोपाचं गाणं तू वाजवायचंस. दादा सांगून गेलाय, ‘टेंगनच वाजवील, आणि मी करून दिलेल्याच जीलवर.’"

"मामा, पण याला…"

"दिसतंय मला," सिल्वेस्टर म्हणाला आणि सावलीकडे बघू लागला.

सावली माचापासून आठ-दहा पावलांवर होती.

पंधरा वर्षांपूर्वी हाच जील घेऊन टेंगन राजधानीत, अक्राला गेला. गिटार आणि कीबोर्डवाल्या पोरांत बसून हॉटेलांत वाजवू लागला. पहिल्या रेकॉर्डिंगला साउंडवाल्या आर्माहने कानावरचा हेडफोन काढून विचारलं होतं, "यात माशी शिरलीय का हो? काढा ती." टेंगनने त्याच दुपारी चाकूने चौदाही पापुद्रे खरवडले. नंतर पुन्हा लावू, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण गाणं गाजलं, रेडिओवर लागलं, लग्नांत वाजलं, आणि ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही. मामाने फोनवर एकदाच विचारलं होतं, "तुझा जील आजारी आहे का रे? रेडिओत त्याचा श्वास ऐकू येत नाही." टेंगनने हसून विषय बदलला होता. त्या हसण्याची आता त्याला लाज वाटत होती.

तो उठला आणि घराकडे धावला. भिंतीवर दहा-बारा टिकल्या तरी मिळतीलच, बाकीचं पुढचं पुढे. पण दारातच त्याचे पाय थबकले. भिंती गुळगुळीत होत्या. वरून पांढराशुभ्र रंग. गाजलेल्या गाण्याच्या पैशातून त्यानेच मामाला सिमेंट पाठवलं होतं, वर रंगाचे डबे. फोटो मागवून तो हॉटेलातल्या पोरांना दाखवला होता. असल्या भिंतीवर कोळी कशाला मरायला येतोय!

शेजारच्या घरांतही तेच. एकाचा भाऊ कुमासी शहरात, एकाची मुलगी परदेशात नर्स, सगळीकडे सिमेंट. एका कोंबड्यांच्या खुराड्यात दोन टिकल्या दिसल्या, त्याही बोट लागताच फाटल्या. टेंगन हात हलवत परत आला. सावली चार पावलांवर आली होती.

फाउस्टिनने काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा पुढे केला. या वेळी तो हसत नव्हता. "लावून तर बघ. हल्ली बरेच जण लावतात."

टेंगनने तो एका भोपळ्यावर ताणून पट्टी वाजवली. आवाज उठला, पण बिघडलेल्या ट्रान्झिस्टरसारखा. सिल्वेस्टरने मान हलवली. "दादा उठून तुझ्या थोबाडीत मारील."

मग डोमिटिला मामीने हाक मारली. तिच्या कमरेला दोर होता. दुःखाच्या भरात मयताच्या बायकोने विहिरीकडे धाव घेऊ नये म्हणून तो बांधतात, दुसरं टोक एका बाईच्या हातात असतं. मामीचा आवाज रडून बसला होता.

"धान्याच्या खोलीत बघितलंस का?"

"तिथेही सिमेंट असेल ना मामी?"

"मागची भिंत राहिलीय. गवंडी थापी घेऊन आला, तर तुझा मामा पाठ टेकून बसला भिंतीला. दोन दिवस हलला नाही मेला. जेवणसुद्धा तिथेच. मला झाडूही लावू देत नव्हता तिकडे. म्हणायचा, टेंगन येईल एक दिवस, त्याला लागतील."

टेंगन धान्याच्या खोलीकडे वळला. तो आत गेला.

अंधाऱ्या खोलीत तेवढी एक भिंत मातीची होती. मधोमध पाठीच्या तेलकट घामाचा डाग, आणि त्याच्या भोवती पांढऱ्या टिकल्या. त्याने नखाने एकेक सोडवायला घेतली. घाईत पहिली फाटली. दुसरीला त्याने श्वास रोखला. अकरा निघाल्या.

सिल्वेस्टरने झाडाचा चीक आणून ठेवला होता. फाउस्टिनने भोपळे धरले, टेंगनने पापुद्रे चिकटवले. तीन भोपळे उघडेच राहिले. त्या तीन पट्ट्या चुकवून वाजवायचं त्याने ठरवलं. सावलीची कड माचाला लागायला वीतभर उरली होती.

तो मामासमोर बसला आणि दांड्या उचलल्या. पहिल्या ठोक्यालाच भुणभुण उठली आणि बायकांचा हंबरडा फुटला. पंधरा वर्षांत तो आवाज त्याने ऐकला नव्हता. पण मामाचं गाणं त्या तीन पट्ट्यांवाचून पुढे सरकेना, शेवटी त्याही वाजवाव्या लागल्या. त्या कोरड्याच वाजल्या, हॉटेलात वाजायच्या तशा.

"हे तीन अक्राचे!" फाउस्टिन ओरडला. लोक रडता रडता हसले. त्याने वाजवणाऱ्याला देतात तशा मूठभर कवड्या जीलवर उधळल्या.

टेंगनने वर पाहिलं नाही. दर वेळी त्या तीन पट्ट्यांशी आला की तो पुटपुटत होता, "चुकलो मामा," आणि पुढच्या पट्टीची भुणभुण ते माचापर्यंत पोचवत होती.