डोळ्यांपुरती ताटी

ताटीवाले तात्या तांब्याभर पाणी न बघता फेकत. पण सगळं पाणी ताटीलाच लागे, आत साहेबांच्या कागदांवर एक थेंब उडत नसे. भिंगारच्या आमच्या कचेरीत होळी झाली की साहेबांच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधत आणि पाऊस पडेपर्यंत त्या ओल्या ठेवायला एक हंगामी माणूस घेत. तो माणूस म्हणजे तात्या. घर शेवगावकडे, जमीन कोरडवाहू. "थंडीत ऊस तोडून हात कापून घ्यायचं आन् उन्हाळ्यात तुमच्या पान्यात बुडवून बरं करायचं," असं ते सांगत.

गारवा साहेबांना होता. आम्हा कारकुनांच्या डोक्यावर पत्रा होता आणि माझ्या मागे आजार. पुण्याच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, की नसांकडून स्नायूंना निघालेला निरोप वाटेतच कुठेतरी अडकतो, आणि उन्हाळ्यात तर फारच अडकतो. सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला हे समजायला काहीच वेळ लागला नाही. "उन्हापासून जपा," असंही ते म्हणाले. नगर जिल्ह्यात राहून ते कसं करायचं, हे मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

सकाळी मी धडधाकट असे. एक वाजला की पापण्या खाली यायला लागत. जबडा अर्ध्या भाकरीवर संप पुकारी. तीनपर्यंत आवाज असा नाकात जाई की मी बोलतोय की कुणी रडतंय हे समोरच्याला कळत नसे. हे सगळं मी लपवून ठेवलं होतं, कारण मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो आणि आजारी माणसाला कायम कोण करणार? त्यावर मी एक अक्कलहुशारीचा उपाय काढला. टपालाच्या तिकिटांच्या कागदाला कडेने डिंक लावलेली पट्टी असते. ती जिभेने ओली करून मी पापणी भुवईला चिकटवून टाकी. चष्म्याआड दिसत नसे. फक्त घाम आला की डिंक सुटे, आणि घाम तर वैशाखात यायचाच. एकदा ती पट्टी एका तातडीच्या पत्रावर पडली आणि पत्रासकट वरच्या कचेरीत गेली.

तात्यांनी मला पकडलं ते साहेबांच्या खोलीबाहेरच्या बोळात. साहेब जेवायला गेले की मी ओल्या ताटीला तोंड टेकवून उभा राही. एके दिवशी तात्या तांब्या घेऊन मागे उभे. मला वाटलं, आता बोभाटा होणार. ते वाकून माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "भाऊसाहेब, गार लागलं की डोळा उघडतोय की तुमचा. लाजाळूच्या उलटं हाय तुमचं." त्या दिवसापासून दुपारी टेबलाखाली माझ्यासाठी ओला पंचा येऊ लागला. सोबत उपदेशही येई. "कामाचं समदं सकाळीच उरकून घ्यावं. भाकर खानं, आन् बोलनंबी."

तिसऱ्या उन्हाळ्यात नवे साहेब आले आणि आठवड्यात मला मेमो मिळाला: कामाच्या वेळी झोपतो. खुलासा द्यायला दुपारी तीनला बोलावलं. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. तेवढंच दिसत होतं, बाकी सगळं दोन-दोन दिसत होतं. मी साहेबांपुढे उभा राहिलो, तोंड उघडलं आणि त्यातून हंबरल्यासारखा आवाज आला. पापण्या खाली. साहेब कडाडले, "माझ्यासमोरसुद्धा झोपताय?"

तेवढ्यात ताटी सारून तात्या आत आले. त्यांनी निथळता पंचा माझ्या डोळ्यांवर दाबून धरला. "साहेब, जरा दम धरा. ह्यो मानूस झोपत न्हाई." पाणी माझ्या सदऱ्यावरून साहेबांच्या टेबलावर, तिथून कागदांवर. साहेब इतके चकित झाले की ओरडायचंही विसरले. दोनेक मिनिटांनी तात्यांनी पंचा काढला. माझे डोळे टक्क उघडे! साहेबांनी दोन्ही पापण्या निरखून बघितल्या आणि हळूच म्हणाले, "उद्या डॉक्टरांचा कागद आणा."

मी कागद दिला. महिनाभरात कायम झालो, आणि माझं टेबल ताटीजवळ आलं. तात्यांना मात्र कागद भिजवल्याबद्दल बोलणी खावी लागली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. प्यायला पाणी नव्हतं, ताटीवर कुठून आणणार? पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की यंदा ताट्या नाहीत. शिपायाची एक जागा मात्र रिकामी होती. "कुणाचं नाव सुचवायचंय?" साहेबांनी विचारलं. मी खाली बघत राहिलो. साहेब नुकते माझ्यावर मेहेरबान झाले होते. त्यांच्याकडे आणखी काही मागून ती मेहेरबानी विटवायची नव्हती मला. हेडक्लार्कनी कुणाच्या तरी भाच्याचं नाव घेतलं आणि ते ठरलं.

तात्या निरोप घ्यायला आले ते दुपारी. गावाकडच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला निघाले होते. त्यांनी पिशवीतून तळहाताएवढी वाळ्याची ताटी काढली, जुन्या ताटीच्या काड्यांतून विणलेली, दोन्ही डोळ्यांवर बसेल अशी. "हिला वाटीभर पानी पुरतं," म्हणाले. "दुष्काळात तेवढं मिळंल."

मला लाज वाटली. मी त्या नाकातल्या आवाजात म्हणालो, "तात्या, मी तुमच्यासाठी बोललो असतो हो. पण माझा आवाज..."

"ठाव हाय की मला," तात्या मध्येच म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोष, भाऊसाहेब? दुपारचं न्हाईच जमत तुमाला."

ते पुन्हा भेटले नाहीत. काड्या झडत गेल्या, तरी ती ताटी मी अजून डोळ्यांवर ठेवतो. पापण्या उघडतात. पण साहेबांनी आम्हाला बोलावलं होतं ते सकाळी अकराला, आणि तेव्हा माझा आवाज अगदी खणखणीत होता.