वॉर्निशचे सात हात

माझा मामा सुतार. पण दारं-खिडक्या करणारा नव्हे, तर जहाजबांधणीच्या कारखान्यात नव्या जहाजांची लाकडी मॉडेलं करणारा. चौतीस वर्षांत त्याच्या एकाही मापात चूक निघाली नव्हती आणि हे त्यानं आम्हाला निदान चौतीसशे वेळा ऐकवलं होतं. निवृत्तीला तीन महिने उरले असताना त्याच्या वाट्याला विमानवाहू नौका आली. हीसुद्धा बिनचूक पार पाडून बाहेर पडायचं, एवढी एकच इच्छा त्या माणसाला होती.

मॉडेल टेबलभर लांब. वर विमानं उडायचा डेक, पोटात ती ठेवायचं हँगर आणि दोन्हींच्या मध्ये विमानं वर-खाली नेणारी लिफ्ट. सोबत पंख दुमडलेली, तळहाताएवढी अठ्ठावीस विमानं. किती मावतात, कुठून वळतात, हे इंजिनिअर ती हातानं सरकवून बघणार. मामा त्या विमानांच्या इतका प्रेमात पडला की त्यानं प्रत्येकाला वॉर्निशचे सात हात दिले.

मामी म्हणालीच, "अहो, आपल्या पलंगाला दोनच दिले होते तुम्ही!"

कागदावर सगळं बसत होतं. टेबलावर मात्र विमान लिफ्टच्या तोंडाशी अडलं. डिझाइन विभागाच्या मुख्य बाईंनी आकडे तीनदा तपासले. लिफ्ट रुंद करावी, तर डेक कापावा लागणार. डेक कापला, तर दोन विमानं कमी होणार. पंधरा दिवस नुसती डोकेफोड. मामाला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"एवढे शिकलेले, आणि साधं माप चुकलं!" रविवारी तो मला सांगत होता. पुरावा म्हणून त्यानं घरी पडलेलं एक विमान काढलं. लाकडात गाठ निघाली म्हणून बिनवॉर्निशचंच बाद केलेलं. बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर लावला. मग मला दाखवायला कारखान्यातून आणलेलं, वॉर्निश दिलेलं मोजलं. मग पुन्हा पहिलं.

फरक नऊ दशांश मिलिमीटर. मॉडेल शंभरपट लहान, म्हणजे खऱ्या जहाजावर नऊ सेंटिमीटर. मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं.

"गुपचूप घासून ठेव," मी सुचवलं. "कोणाला कळतंय?"

त्यानं दोन्ही विमानं शेजारी शेजारी ठेवली. मोह झालाच असणार.

सोमवारी भर बैठकीत त्यानं खिशातून पॉलिश पेपर काढला. "बाई, डेक कापू नका, चूक माझी आहे," म्हणाला आणि सगळ्यांसमोर विमान घासलं. ते अलगद लिफ्टवर जाऊन बसलं. लोक पोट धरून हसले. उरलेली सत्तावीस विमानं घासायला त्याला आठवडा लागला. घरी आला की हाताला वॉर्निशचा पिवळा भुगा असायचा.

निरोप समारंभात बाई भाषणाला उभ्या राहिल्या. मोठ्या मनाच्या बाई. म्हणाल्या, "चौतीस वर्षांत यांच्या हातून एकही चूक झाली नाही." टाळ्या कडाडल्या.

मामा उठून उभा राहिला. "एक झाली," तो म्हणाला. "नऊ दशांश मिलिमीटरची."

"राहवलं नाहीच ना!" मामी माझ्या कानात पुटपुटली आणि डोळे पुसत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायला लागली.