कोरड्या विहिरीतला तांबडा थर

सांगलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं ते माझ्या आवडीनं नव्हे, मामाच्या. मामा इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात होता. "बी. एस्सी. हो, प्रयोगशाळेत चिकटवतो," असा त्याचा शब्द होता, आणि आमच्या आटपाडीकडच्या कोरड्या मुलखात असा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी मात्र रिकाम्या तासाला दिसेल त्या वर्गात घुसायचो. इतिहास, तत्त्वज्ञान, कधी संस्कृतसुद्धा. सगळ्यात जास्त भूगर्भशास्त्राच्या वर्गात, मागच्या बाकावर. तिथले सर हजेरी घेताना माझ्याकडे बघून हसायचे आणि पुढं शिकवायला लागायचे.

व्हायचं तेच झालं. सहामाहीत रसायनात दांडी गुल झाली आणि मामानं सगळी हकिकत माझ्या वडिलांच्या, आबांच्या, कानावर घातली. आबा पलटणीतून हवालदार होऊन परतलेले, बोलणं मोजकं. "दगडांच्या वर्गात बसून पोट भरतंय व्हय? आता फकस्त कारखान्याचा अभ्यास. न्हाईतर शिक्षण बंद."

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि जो तो विहीर खोदत होता. त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या रानातही काम चाललेलं. सुरुंगाचा धूर निवल्यावर मी दोर धरून खाली उतरलो आणि जागीच थबकलो. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, आणि मधे हातभर जाडीचा, विटेसारखा तांबडा थर, विहिरीच्या चारी अंगांनी फिरलेला. सरांनी फळ्यावर काढलेलं हुबेहूब! एकदा लाव्हा आला, थंड झाला. मग हजारो वर्षं काहीच आलं नाही. त्या खडकाची माती झाली, तिच्यावर पाऊस पडला, झाडं उगवली. मग पुन्हा आग आली आणि ती माती भाजून निघाली. मी थरावर तळहात ठेवला. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीची जमीन माझ्या हाताखाली होती. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं.

वर आलो तो वेड्यासारखा बोलतच. तिथवर ठीक होतं. पण आबांना माझा वर्ग पटावा म्हणून मी पुडी सोडली, "ह्या थराखाली पाणी लागतंय, आबा. पुस्तकात हाय तसं." सर असं कधी म्हणाले नव्हते. आबा खरं तर काम थांबवायच्या विचारात होते. पाणी दाखवणाऱ्या माणसालाही न विचारता, शिकलेल्या पोराच्या शब्दावर त्यांनी नारळ फोडला आणि पुढं खोदायला लावलं. आठ दिवस सुरुंग, घण, पहार. पाणी सोडाच, साधी ओलसुद्धा नाही.

नवव्या दिवशी माणसं अवजारं गुंडाळून गेली. आबा काठावर एकटेच उभे होते. खरं सांगितलं तर माझं कॉलेज संपणार हे मला कळत होतं, पण खोटं पोटात ठेवून कारखान्यात जायचं माझ्या जिवावर आलं.

"आबा, पाण्याचं मी मनानंच सांगितलं. पुस्तकात न्हवतं."

ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता कानफटात बसणार.

"मग पुस्तकात काय व्हतं?"

"मातीचं. झाडांचं."

"चल, दाव."

त्यांनी काठावर वहाणा काढल्या आणि माझ्या आधी दोर धरला. खाली मी सगळं सांगितलं, सरांसारखंच, पण अडखळत. आबांनी तांबड्या थरावरून बोटं फिरवली, चिमूटभर भुकटी तळहातावर घेऊन उन्हाकडे धरली.

"हितं पाऊस पडत व्हता?"

"व्हय."

"आन बघाय कोन बी न्हाई?"

"कोन न्हाई, आबा."

त्यांनी ती भुकटी टाकली नाही, मुठीत मिटून घेतली.

"बस जा तुझ्या त्या वर्गात. मामाचं मी बघतो. पर पुन्यांदा मला खोटं सांगायचं न्हाई, आन सुट्टीला आलास की खरं काय ते मला बी सांगायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पलटणीत खंदक खणलं, हितं हिरी खणल्या. कशात खणतोय, ते आमाला कुनी सांगितलंच न्हाई."