जिज्ञासा मॅडमची मिठाची बाटली

उल्हासनगरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये कमळाकर भोईर अटेंडंट होता. एमआरआयला जाणाऱ्या पेशंटच्या अंगावरचं लोखंड काढून घेणं, हे त्याचं काम. मशीनचं चुंबक असं जबर की एकदा सफाईवाल्याची बादलीच खेचून घेतली होती. अकरा वर्षांत आपल्या हातून एक टाचणीसुद्धा आत गेली नाही, हे तो आपल्या वस्तीत, हेंद्रेपाड्यात, भेटेल त्याला ऐकवायचा. माणसानं इतकी फुशारकी मारू नये. पुढे हात चुकला तो मिठात, आणि मीठ तर त्याच्या घराण्याचं. आजोबा मिठागरावर राबलेले, आई भागीरथीचं माहेरही मिठागराचंच.

२००७ च्या जूनपासून दर रविवारी, सेंटर बंद असताना, जिज्ञासा मॅडम येऊ लागल्या. मुंबईच्या एका संस्थेत त्यांची पीएच.डी. चालू होती. पोरगी सव्वीसची, पण कमळाकरला ‘काका’ म्हणायची आणि विचारलं की नीट समजावून सांगायची.

“काका, मांसातून करंट जातो तो आतल्या खारट पाण्यामुळे. गाठ झाली की तिथलं पाणी आणि मीठ बदलतं. मशीन रेडिओचे तरंग अंगात सोडतं ना, ते आत कसे वळतात त्यावरून मी करंटचा नकाशा काढणार. सुई नको, कापाकापी नको.”

कमळाकरला हे फार आवडलं. कापाकापी त्यानं आयुष्यात पुष्कळ पाहिली होती.

पण माणसावर करायच्या आधी नकाशा खोट्या मांसावर खरा ठरायला हवा होता. ते मांस म्हणजे चायना ग्रासची जेली, मोजून मीठ घातलेली, प्लास्टिकच्या डब्यांत थिजवलेली. मीठ किती ग्रॅम, त्यावरून कोणत्या डब्यातून किती करंट जाणार ते आधीच ठरलेलं. नकाशात तेच उतरलं की मॅडम जिंकल्या. शनिवारी डबे भरून ठेवायचं काम त्यांनी कमळाकरवर सोपवलं. मीठ अंबरनाथच्या केमिकलवाल्याकडून आणलेलं, शुद्ध, पांढऱ्या बाटलीतलं. कमळाकर श्वास रोखून दशांशापर्यंत तोलायचा. पहिल्या महिन्यात नकाशे असे जुळले की मॅडमनी त्याला पेढे दिले.

ऑगस्टात बाटली तळाला आली. कमळाकरला ते बघवेना. घरी आईचा दंडक होता, “मिटाची बरनी कदी रिकामी ठेवू नको रं. मीठ सरलं त घरान बरकत नाय.” पोरीचं काम भरभराटीला आलंय आणि तिची बाटली रिकामी? त्यानं आईच्या बरणीतलं खडामीठ मूठभर घेतलं, खलबत्त्यात बारीक कुटलं आणि बाटलीत मिसळलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा एक मूठ. मग दर शनिवारचा तो परिपाठच झाला. भर पावसाळ्यातलं ते ओलसर मीठ. काट्यावर वजन बरोबर यायचं, पण त्या वजनात बरंचसं पाणीच असायचं. हे त्या भाबड्याच्या डोक्यात कुठून येणार?

नकाशे चुकायला लागले. प्रत्येक डब्यात करंट ठरल्यापेक्षा कमीच दिसायचा. मॅडमनी गणितं पुन्हा मांडली, मशीनची सेटिंग बदलली, दिवाळीलाही घरी गेल्या नाहीत. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. त्यांचे गाइड सर म्हणायचे, वजन अचूक आहे, म्हणजे तुझी पद्धतच कच्ची आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी मॅडमनी बाटली हातात घेऊन विचारलं, “काका, मीठ याच बाटलीतलं घेता ना?”

त्या क्षणी कमळाकरला कळलं. पुरतं नाही, पण कळलं. पण त्या रविवारी नकाशे बघायला मुद्दाम आलेले सेंटरचे डॉक्टर समोर काचेपलीकडे उभे होते, आणि अकरा वर्षांची फुशारकी आडवी आली.

“हो मॅडम,” तो म्हणाला, “याच बाटलीतलं.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते त्याला पुढे इतकं जाळत राहिलं.

मार्चमध्ये मॅडमनी पीएच.डी. सोडली. जाताना त्याच्या पाया पडल्या. पाया पडल्या! त्याला वाटलं होतं, जमीन दुभंगावी. तोंड मात्र उघडलं नाही.

दीड वर्षानं सेंटरची खोली बदलताना कपाटामागे ती बाटली सापडली. तळाशी कुटायचा राहिलेला मिठाचा एक खडा होता, बोराएवढा. कमळाकर तो हातात घेऊन बराच वेळ स्टुलावर बसला. मग जुन्या रजिस्टरातून नंबर काढून त्यानं फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, आईची बरणी, खलबत्ता, काचेपलीकडचे डॉक्टर, सगळं.

पलीकडे कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतला गलका ऐकू येत होता.

“किती घालत होतात, काका?” एकदम त्यांचा जुना आवाज आला, रविवारचा. “दर वेळी किती ग्रॅम? आकडा मिळाला तर मागे जाऊन सगळं दुरुस्त करता येईल.”

“मूठभर, मॅडम.”

“तुमची मूठ किती?”

त्यानं फोन तसाच चालू ठेवला, पँट्रीतल्या डब्यातलं मूठभर मीठ आणून काट्यावर टाकलं. बावीस. दुसऱ्यांदा सव्वीस. तिसऱ्यांदा अठरा. तिन्ही आकडे त्यानं प्रामाणिकपणे सांगितले.

“राहू दे,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर कमळाकरला सोसलं असतं. “काका, मी विचारलं होतं त्या दिवशी सांगायचं होतंत. अंबरनाथला जाऊन नवी बाटली आणायला मला अर्धा तास लागला असता.”